डाव्या हातातलं फूल

माझा उजवा कान गेलेला आहे. माझ्याशी बोलायचं असेल तर डावीकडून बोला. बावीस वर्षं मी रोमच्या टांकसाळीत घण मारतोय, एक कान शाबूत राहिला हेच नवल. कानात मेण आणि लोकर कोंबून घण मारायचा, असा आमचा रिवाज आहे. त्याचा उपयोग फारसा होत नाही, कारण आवाज हाडांमधून आत शिरतो. तरी मेणाचा गोळा मी कायम जवळ बाळगतो. त्या गोळ्याचं पुढे काम पडणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवलं.

आमचं काम समजायला सोपं. खाली ऐरणीत एक ठसा पक्का बसवलेला असतो, त्यावर सम्राटाचं तोंड. त्या ठशावर सोन्याची तापलेली चकती ठेवायची. वरून दुसरा ठसा, तो एक जण चिमट्यात धरतो, आणि त्याच्या डोक्यावर मी घण घालतो. चकतीच्या एका बाजूला सम्राट उमटतो, दुसऱ्या बाजूला बाई. झाला ऑरियस. जगात यापेक्षा चोख नाणं नाही, असं म्हणतात. माझ्या हातून अशी लाखभर नाणी गेली असतील, पण त्यातलं एकही मी रस्त्यावरच्या उजेडात बघितलेलं नाही.

आता ती बाई कोण, हे त्या वर्षी कसली टंचाई आहे त्यावर ठरतं. इजिप्तहून धान्याची जहाजं आली नाहीत, की कणसांची जुडी घेतलेली बाई. सैन्यानं दंगा केला, की हातात हात मिळवलेले दोन पंजे, म्हणजे एकोपा. सम्राटाचं पोट बिघडलं, की सापाला वाटीतून भरवणारी बाई, म्हणजे आरोग्य. ज्या गोष्टीच्या नावानं गावभर बोंब, तिची बाई सोन्यावर. हे मी एकदा कारभाऱ्यासमोर बोललो, तर त्यानं मला दोन दिवस कोळसा वाहायला लावला. बोलणं खोटं आहे, असं मात्र तो म्हणाला नाही.

या सगळ्या बायका कोरायचा ट्रोफिमस, माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. मी त्याला दाजी म्हणायचो. पोलादाच्या ठोकळ्यावर, हरभऱ्याच्या दाण्यात मावेल एवढ्या जागेत, तो बाईचा अख्खा चेहरा कोरायचा. आणि सगळं उलटं. ठशात जे उजवं ते नाण्यावर डावं होतं, त्यामुळे कोरणाऱ्याला सगळं आरशातल्यासारखं कोरावं लागतं, अक्षरंसुद्धा. दाजीनं तीस वर्षं हेच केलं. त्याची सवय इतकी मुरली होती की घरी जेवतानाही तो "मीठ उजवीकडे आहे" म्हणायचा आणि मीठ असायचं डावीकडे.

"दाजी, तुमच्या डोक्यात आरसा बसलाय," मी म्हणायचो.

तो हसायचा. बोलायचा नाही. तो माणूस बोलायचाच नाही. दिवसाचे चार शब्द, त्यातले दोन पोरीशी.

पोरीचं नाव एल्पिस. आमच्या ग्रीक बोलीत एल्पिस म्हणजे आशा. अक्काला उशिरा झालेली, एकुलती एक. आणि डावखुरी. चमचा डाव्या हातात, चेंडू डाव्या हातात, मला चापट मारायची तीही डाव्या हातानं. शेजारपाजारच्या बाया तिला बघून अंगठा मुठीत दडपायच्या, कारण डावा हात अशुभ. देवळात पुजाऱ्यानं एकदा तिच्या हातातली फुलं घेतलीच नाहीत. "चुकीचा हात," म्हणाला. ती हात बदलायची आणि अर्ध्या घटकेत विसरायची. सगळे तिला तेच म्हणत: अगं, चुकीचा हात. मीही म्हणायचो.

तिला काही फिकीर नसायची. "मामा, बाबांच्या ठशात मी उजवीच असते," ती मला म्हणायची आणि दाजीच्या गुडघ्यावर चढायची. दाजी तिचं चित्र राखेत बोटानं काढून दाखवायचा, उलटं. त्यात ती उजव्या हातानं सफरचंद खाताना दिसायची. ती बघून टाळ्या पिटायची.

आता पुढचं सांगायलाच हवं.

आम्ही सगळेच सम्राटाचे. मी, दाजी, अक्का, घण, ऐरण, सगळे एकाच यादीत. आमची पोरंही त्याचीच. दहावं लागलं की त्यांची वाटणी होते. कुणी स्वयंपाकघरात, कुणी बागेत. उरलेली समुद्रापार आफ्रिकेच्या शेतांवर, आणि तिथून कुणी परत आलेलं आम्ही ऐकलेलं नाही. अक्का राजवाड्याच्या विणकामासाठी सूत कातायची. तिथली मुकादमीण एल्पिसला घ्यायला तयार होती, फक्त एका अटीवर.

"डावखुरी चालणार नाही," ती अक्काला म्हणाली. "मागावर दोघी शेजारी बसल्या की हिचं कोपर तिच्या कोपराला लागतं. हिवाळ्यापर्यंत हात सुधार, नाहीतर दुसरीकडे लावून दे."

दुसरीकडे म्हणजे कुठे, हे अक्काला कुणी सांगायची गरज नव्हती. ती त्या दिवशी घरी आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक होता. रात्रीचं जेवण राहिलं बाजूला, ती नुसती पोरीच्या हाताकडे बघत बसली.

आणि मी बोललो. मला जेवताना बोलायला फार आवडतं.

"त्यात काय एवढं?" मी म्हणालो. "बांधून टाक महिनाभर. आमच्याकडे होता एक डावखुरा घणवाला. मुकादमानं हात बांधला, पंधरा दिवसांत सरळ झाला."

असा कुणी सरळ झाला नव्हता. होता एक डावखुरा, पण त्याचा घण भलत्या बाजूनं आला आणि शेजाऱ्याची दोन बोटं गेली, म्हणून त्याला काढून टाकलं. गोष्ट अशी सांगितली तर अक्काला धीर कसा येणार, म्हणून मी ती जरा फिरवली.

दाजीनं घास खाली ठेवला. "तो हात चुकीचा नाही," तो म्हणाला.

"मग पाठवा तिला आफ्रिकेला!" अक्का ओरडली. "जा, तुम्हीच जहाजावर बसवून या! तुमचं काय, तुम्हाला तोंड उघडायला नको. सगळं मीच करायचं, वाईटही मीच व्हायचं."

दाजीनं खाली ठेवलेला घास परत उचलला. त्या दिवशी तो आणखी चार वाक्यं बोलला असता तर, असं मी खूपदा मनात आणतो. पण मी कमी बोललो असतो तर, हेही मग मनात येतं.

अक्कानं स्वतः विणलेली लोकरीची पिवळी पट्टी घेतली. पोरीचा डावा हात कमरेला बांधला आणि पाठीमागे दुहेरी गाठ मारली, तिचा दुसरा हात पोचणार नाही अशी. एल्पिसला पहिल्या दिवशी गंमत वाटली. तिसऱ्या दिवशी ती रडली. आठवड्यानं ती उजव्या हातानं खायला लागली. सांडासांड व्हायची, पण खायची. अक्का तिचा मुका घेऊन म्हणायची, "बघ, जमतंय की माझ्या सोन्याला." रोज संध्याकाळी ती गाठ सोडायची आणि मनगटावरचे वळ तेलानं चोळत बसायची.

आमची खोली चौथ्या मजल्यावर. लाकडी जिना, उतरताना कठडा डाव्या हाताला, उजवीकडे नुसती भिंत. नोव्हेंबरातली दुपार होती. एल्पिस पाण्याला निघाली, उजव्या हातात घागर. मी सकाळची पाळी करून खोलीत आडवा झालो होतो, चांगला कान उशीवर. मला काही ऐकू आलं नाही. शेजारीण येऊन खांदे गदगदा हलवायला लागली तेव्हा उठलो.

पोर खाली पडली होती. घागर फुटून पाणी सगळीकडे पसरलं होतं. अक्का तिला मांडीवर घेऊन पाठीमागची गाठ सोडवत होती. लोकर भिजून गाठ आवळली होती, सुटेना. तिनं बोटांनी ओढली, दातांनी ओढली. "हात मोकळा करू दे तिचा, मग उठेल ती," असं सारखं म्हणत होती. शेवटी मी सुरी आणून पट्टी कापली. हात मोकळा झाला. पण पोर उठली नाही.

नगराबाहेरच्या रस्त्यावर आमच्यासारख्यांसाठी एक दगडी कोठार आहे, आत भिंतभर कोनाडे, कोनाड्यात राखेची मडकी. आमच्या पोरीला तिथे ठेवलं. बड्या घरांत मेलेल्याचा चेहरा मेणात उतरवून ठेवतात. आम्हाला ते परवडत नाही आणि शोभतही नाही. वाटखर्चासाठी म्हणून तिच्या तोंडात दाजीनं तांब्याचं नाणं ठेवलं. तीस वर्षं सोन्यावर चेहरे कोरणाऱ्या माणसानं घासून गुळगुळीत झालेलं तांबं.

त्यानंतर दाजी अक्काशी बोलला नाही.

तसा तो कुणाशीच बोलत नव्हता. पण अक्काला कोण समजावणार? ती वाढायची, तो खायचा. ती दिवा मालवायची, तो भिंतीकडे तोंड करायचा. मी मध्ये बसून आलतूफालतू काहीतरी बडबडायचो, तेही दोघांना ऐकू जायचं नाही.

"त्यांनी मला शिवी द्यावी," अक्का एकदा मला म्हणाली. "थोबाडीत द्यावी. खुनी म्हणावं. पण काहीतरी म्हणावं रे डाम्या. एक शब्द."

"बोलतील. वेळ दे," मी म्हणालो.

जानेवारीत राजवाड्यात मुलगा झाला. सम्राटाला वारस मिळाला आणि टांकसाळीत हुकूम आला: नवीन ऑरियस, एका बाजूला सम्राट, दुसऱ्या बाजूला 'स्पेस पब्लिका'. लॅटिनमध्ये स्पेस म्हणजे आशा. लोकांची आशा. तरुण पोरगी, पाऊल पुढे टाकलेलं, उजव्या हातात उमलती कळी, डाव्या हातानं झग्याचा घोळ जरासा उचललेला. शंभर वर्षं ती अशीच चालत आली आहे. तिचा हात कुणी बदललेला नाही.

कारभाऱ्याचं नाव कार्पुस. पूर्वी तोही आमच्यासारखाच गुलाम होता, आता सुटलेला, टक्कल पडलेला, पोटाचा घेर वाढलेला. त्यानं ठसा दाजीला दिला. मला वाटतं, नाव ऐकून त्याला आठवण व्हायला हवी होती. पण आमच्या पोरांची नावं कारभाऱ्याला कुठून माहीत असणार?

जो ठसा तीन दिवसांत व्हायचा त्याला दाजीनं आठ दिवस घेतले. नवव्या दिवशी ठसा माझ्याकडे आला. चिमटेवाल्यानं ठसा धरला, मी कानात मेण कोंबलं आणि घण घातला. पहिलं नाणं उचलून उजेडात धरायचं, कडा बघायच्या, हे माझं काम.

ती एल्पिस होती.

कुणी म्हणेल, हरभऱ्याच्या दाण्याएवढा चेहरा, त्यात काय कळणार. मला कळलं. कपाळावर न बसणारी ती बट, पुढे आलेली हनुवटी, आणि चालण्यातली घाई. ती कुणाला तरी फूल द्यायला निघाली होती आणि फूल तिच्या डाव्या हातात होतं. कमरेला एक पट्टी लोंबत होती, दोन्ही टोकं सुटी.

मी तेव्हाच ओरडून सांगायला हवं होतं, हात दुखावल्याचं सोंग करायला हवं होतं, काहीही. मी दुसरी चकती ठेवायला सांगितली. मग तिसरी. मला ती आणखी हवी होती. अकरा वेळा मी घण घातला आणि अकरा वेळा ती उमटली, प्रत्येक वेळी ताजी, गरम. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. चिमटेवाल्याला वाटलं, धूर लागला असेल.

मग कार्पुस फेरीवर आला. त्यानं एक नाणं उचललं, डोळ्याजवळ नेलं.

"थांबा," तो म्हणाला. "ट्रोफिमसला बोलवा."

दाजी कोरणी हातात घेऊनच आला.

"हे कोण?"

"आशा."

"आशेनं फूल कुठल्या हातात धरलंय?"

"डाव्या."

चिमटेवाला खो खो हसला. "म्हातारा उलटं करायला विसरला! सरळसोट कोरून बसला!"

सगळी टांकसाळ हसली. ही चूक आमच्याकडे नवशिके करतात. ठशात बाई सरळ कोरली की नाण्यावर तिचे हात बदलतात. पहिल्या वर्षी प्रत्येकाकडून एकदा होते, मग जन्मभर त्याला त्यावरून चिडवतात. तीस वर्षं मुरलेल्या माणसाकडून ती झाल्यावर सोडतंय कोण? कार्पुसही हसला. बरं वाटलं मला त्याचं हसणं.

"पोर गेली ना रे तुझी मध्यंतरी?" तो म्हणाला. "होतं असं. लक्ष नसतं माणसाचं. मी लिहितो, कोरणाऱ्याची चूक. नाणी भट्टीत टाका, ठसा मोडा. तू महिनाभर कोळशावर जा आणि डोकं ठिकाणावर आलं की परत ये. कबूल?"

"चूक नाही," दाजी म्हणाला.

हसणं थांबलं.

"काय म्हणालास?"

"चूक नाही. अक्षरं बघा. अक्षरं बरोबर उलटी कोरली आहेत. मी विसरलो असतो तर अक्षरंही फिरली असती."

"गाढवा!" कार्पुस दातओठ खात म्हणाला, आणि आवाज खाली आणून त्याच्याजवळ गेला. "अक्षरं मला दिसली नाहीत असं वाटतं का तुला? मी तुला वाचवतोय. सम्राटाच्या वारसाचं पहिलं नाणं, त्यावर डावखुरी आशा. याला अपशकुन म्हणतात. चुकून झाला तर कोळसा. मुद्दाम केला तर काय, ते तुला ठाऊक आहे. आणि कमरेला ही चिंधी कसली लोंबतेय?"

"सोडलेली पट्टी आहे."

मी घण टाकला आणि मध्ये घुसलो. "दाजी, चूक म्हणा," मी म्हणालो. "तुमच्या पाया पडतो. जन्मभर शब्द गिळत आलात, हा एक बोला. झाली चूक म्हणा आणि घरी चला. अक्का वाट बघतेय."

दाजीनं माझ्याकडे बघितलं. तो डावीकडे येऊन उभा राहिला, माझ्या चांगल्या कानाशी. एवढं भान त्याला त्या वेळीही होतं.

"नऊ वर्षं सगळे तिला तेच म्हणाले, डामा," तो म्हणाला. "चुकीचा हात. आता मीही म्हणू?"

मी त्याचं मनगट घट्ट धरलं.

कार्पुसनं नोंदीची घडीची पाटी मिटली. पहारेकऱ्यांना बोलावलं. दाजीला त्याच दुपारी नेलं, स्पेनच्या खाणींत. आमचं सोनं जिथून येतं, तिथे. त्याच्या वयाचा माणूस तिथे एक हिवाळा काढत नाही. त्याला घरी जाऊ दिलं नाही. जाताना त्यानं कोरणी माझ्या हातात दिली आणि ती पहारेकऱ्यानं काढून घेतली.

"ठसा तू मोड," कार्पुस मला म्हणाला. "आत्ता. माझ्यासमोर."

ठसा मोडायचा म्हणजे छिन्नी मधोमध धरून घणाचा एकच घाव घालायचा. मी ठसा ऐरणीवर ठेवला. छिन्नी घेतली. आणि मग म्हणालो, "कानात मेण घालतो, कारभारी."

"घाल," तो म्हणाला. आणि त्यानं पाठ फिरवली. भट्टीत पडलेल्या अकरा नाण्यांकडे बघत उभा राहिला. का, ते मला अजून कळलेलं नाही.

मी मेणाचा गोळा काढला आणि ठशावर दाबला. उचलला, लोकरीत गुंडाळला. मग छिन्नी लावली आणि घाव घातला. एका घावात झालं. माझा हात पक्का आहे.

सुटी झाली की आम्हाला दारात उघडं करतात, तोंड उघडायला लावतात, केस विंचरून बघतात. घणवाल्याच्या मेणाकडे कुणी बघत नाही. बावीस वर्षं रोज तोच गोळा.

घरी जाऊन अक्काला सांगितलं. नाण्याचं नाही सांगितलं. ठसा बिघडला, कारभारी चिडला, दाजीला नेलं, एवढंच. ती खाली बसली.

"माझ्यासाठी काही बोलले?"

"नाही," मी म्हणालो.

"नाहीच बोलणार," ती म्हणाली. आणि चातीकडे वळली, पण सूत कातलं नाही.

मेण मी पाण्याच्या मडक्याखाली गारव्याला ठेवलं आणि महिनाभर दाखवलं नाही. भ्यायलो होतो. तिनं तो हात बघितला तर तिला काय वाटेल? तो हात तिनं बांधला होता. मला वाटलं, ही तिला शिक्षा वाटेल. पोर गेली, नवरा गेला, आणि हे कोरून गेला, की बघ, हा हात होता. अक्का दिवसेंदिवस वाळत होती. मुकादमीण दोनदा ओरडून गेली. मी रोज मडकं उचलून बघायचो आणि परत ठेवायचो.

फेब्रुवारीत पितरांचे नऊ दिवस आले. देवळं बंद, लग्नं बंद, सगळं शहर आपापल्या मेलेल्यांकडे निघालेलं. आम्ही दोघं कोठारात गेलो. वाइनमध्ये भिजवलेला पाव, चिमूटभर मीठ, आणि जांभळी फुलं. एल्पिसचा कोनाडा खालच्या रांगेत आहे, वाकावं लागतं. अक्का गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "मी हिला काय तोंड दाखवू?"

तेव्हा मला राहवलं नाही. लोकर उलगडून मी मेण तिच्यासमोर धरलं.

"दाजींनी कोरलं होतं," मी म्हणालो. "सोन्यावर. कारभाऱ्यानं विचारलं तेव्हा त्यांनी चूक म्हणायला नकार दिला. म्हणून त्यांना नेलं."

अक्कानं हातात घेतलं. "कडेनं धर," मी म्हणालो. "हाताच्या उबेनं जाईल."

ती दाराच्या उजेडाकडे वळली. खूप वेळ बघत राहिली. तिचे ओठ हलत होते. मी तिच्या डोळ्यांकडे बघायचं टाळत होतो.

"अक्का," मी म्हणालो, "तो डावखुरा घणवाला... तो सुधारला नव्हता. मी खोटं बोललो होतो."

"माहीत होतं मला," ती मान वर न करता म्हणाली. "तुझं खरं कधी असतं? आफ्रिकेच्या भीतीनं मी खरं मानून घेतलं."

मग तिनं मेण माझ्या नाकाशी आणलं. बोट लावलं नाही, नखानं नुसतं दाखवलं. कमरेवरची ती पट्टी, सुटी टोकं.

"गाठ सोडलीय," ती म्हणाली. "बघितलंस? मला सुटली नव्हती रे ती. दातांनी ओढली तरी सुटली नव्हती. ह्यांनी सोडली. माझी गाठ ह्यांनी सोडली, डाम्या."

आणि ती रडली. पोर गेली तेव्हा रडली नव्हती, नवऱ्याला नेलं तेव्हा रडली नव्हती. ती आता जमिनीवर कपाळ टेकून अशी रडली की शेजारच्या कोनाड्यांपाशी बसलेली माणसं उठून बाहेर गेली. "मला सांगायचं होतं ना," असं ती दाजीला म्हणत होती. "एवढं तोंडानं सांगायचं होतं. मी तुम्हाला एकटं जाऊ दिलं नसतं."

ऊन दारातून आत आलं होतं आणि मेण मऊ पडायला लागलं होतं. कपाळावरची बट आधीच बुजली. मी म्हणालो, "अक्का, आत ठेव, गारव्याला." तिनं मडक्याचं झाकण उचललं आणि ते राखेवर ठेवलं. झाकण लावलं. आता तो चेहरा कुणी बघणार नाही, पण पुसणारही नाही.

राहिली फुलं. मेलेल्यांनाही ती उजव्या हातानंच वाहतात. अक्कानं उजव्या हातात घेतली, थांबली, आणि डाव्या हातात घेतली. बाहेरून एक म्हातारी वाकून बघत होती, तिनं लगेच अंगठा मुठीत दडपला. अक्कानं डाव्या हातानं फुलं कोनाड्यात ठेवली, एकेक करून, सावकाश.

माझ्याही हातात दोन फुलं होती. मी हात बदलला.